मुदतबाह्य पूर्वज

बँकेच्या लेखी माणसं तीन प्रकारची असतात : जिवंत, मयत आणि निष्क्रिय. जिवंत माणूस काउंटरवर येऊन स्वतः भांडतो. मयत माणसाच्या वतीनं त्याचे वारस येऊन भांडतात. आणि एकाच्या जागी चौघं येत असल्यामुळे माणूस मेला की आमचं काम चौपट होतं. निष्क्रिय माणूस मात्र सोन्यासारखा. तो येत नाही, भांडत नाही, पासबुक भरून मागत नाही आणि "जरा पेन द्या हो" म्हणून माझं पेन खिशाला लावून जात नाही. दोन वर्षं खातेदारानं खात्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही की ते निष्क्रिय होतं. दहा वर्षं झाली की त्यातली शिल्लक रिझर्व्ह बँकेनं २०१४ साली काढलेल्या एका निधीत जमा होते. त्या निधीचं नाव 'ठेवीदार शिक्षण आणि जागरूकता निधी'. जो ठेवीदार दहा वर्षं झोपला त्याच्या पैशानं बाकीच्यांना जागं करायचं, ही कल्पना ज्याला सुचली तो गृहस्थ विनोदी लेखक व्हायचा, चुकून बँकिंगमध्ये गेला असावा.

पण खरी गंमत पुढं आहे. पैसे त्या निधीत गेले तरी हक्क बुडत नाही. खातेदार किंवा त्याचा वारस पुराव्याचे कागद घेऊन उद्या उगवला, तर पैसे परत द्यावे लागतात. म्हणजे माणूस मेला तरी त्याचं येणं मरत नाही, फक्त वही बदलते.

हे वाक्य मी एकदा शाखेत सहज बोलून गेलो आणि तेव्हापासून ते माझ्या मानगुटीवर बसलं आहे. मेलेल्या माणसाचं बँकेकडं येणं असतं, हे ठीक. पण मेलेल्या माणसांचं आपल्याकडं, म्हणजे तुमच्या-माझ्याकडं, काही येणं असतं का? असलं तर किती? आणि त्याची मुदत कधी संपते? मी कॉमर्सचा पदवीधर. बी.कॉम.ला तत्त्वज्ञान नसतं, डबल एंट्री असते. पण घरात आणि दारात असे प्रश्न पडतात तेव्हा ते आपली शाखा विचारून पडत नाहीत.

कायद्याचं म्हणाल तर सोपं आहे. साधं उसनं तीन वर्षांत मुदतबाह्य. जमिनीचा ताबा गेला असेल तर बारा वर्षं. सरकारला दावा करायचा असेल तर तीस वर्षं, कारण सरकारला जाग यायलाच पंचवीस लागतात. आता धर्मशास्त्र पाहा. तिथंही मुदतीचा कायदा आहे आणि तो आमच्या कायद्यापेक्षा जुना आहे. श्राद्धात नाव घेऊन पिंड द्यायचा तो बापाला, आजोबाला आणि पणजोबाला. बाप वसुरूप, आजोबा रुद्ररूप, पणजोबा आदित्यरूप. म्हणजे घरात एक माणूस वारला की वरच्या सगळ्यांना एकेक प्रमोशन. आदित्य झाल्यावर पुढची जागाच नाही, सेवानिवृत्ती. पणजोबाच्या बापाचं नाव कुणी घेत नाही. त्याला आणि त्याच्या वरच्या दोघांना काय मिळतं? पिंड देताना हाताला चिकटलेला भात दर्भावर पुसायचा, तो त्यांचा. एवढीच पेन्शन. तिला महागाई भत्ता नाही.

मी आमच्या घराण्याचा हिशेब करायला बसलो. वडिलांचं नाव माहीत होतं. आजोबांचं होतं. पणजोबांचं नाव लग्नपत्रिकेच्या जुन्या मसुद्यात सापडलं. त्यांच्या बापाचं नाव आईला विचारलं तर ती म्हणाली, "ते कुठून आले होते तेही कुणाला ठाऊक नाही. आले होते एवढं नक्की." मला हे उत्तर फार आवडलं. ज्या माणसावाचून मी झालोच नसतो, त्याच्याबद्दल आमच्या घराकडं असलेली माहिती एवढीच, की तो आला होता.

अशा मनःस्थितीत मी असताना डब्लिनला असलेल्या भाच्यानं एक फोटो पाठवला. हिरवंगार गवत उगवलेला एक गोल ढिगारा, त्याला एका बाजूनं दगडी चौकटीचं दार आणि पुढं मान वाकवून उभा असलेला भाचा. खाली मजकूर : "मामा, तारा हिल! पाच हजार वर्षांचं थडगं!" आमच्या सौभाग्यवतींनी 'तारा' एवढंच वाचलं आणि "ही कोण आता?" असं विचारलं. खुलासा झाल्यावर त्यांनी चष्मा लावून फोटो पाहिला आणि म्हणाल्या, "हे तर तुमच्या हट्ट्याच्या वाटेवरच्या टेकाडासारखं दिसतंय. याला विमानानं कशाला जायचं? तुम्ही तर रोज बसनं जाता."

हट्टा म्हणजे हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यातलं गाव. मी परभणीहून तिथं अप-डाऊन करतो. गावाचं नाव हट्टा असलं तरी मी तिथं हट्टानं गेलेलो नाही. ऑर्डर आली आणि गेलो. सौभाग्यवतींचं निरीक्षण मात्र चुकीचं नव्हतं. मराठवाड्यात गावागणिक एखादं टेकाड असतं. कुठं त्याला गढी म्हणतात, कुठं पांढर. खाली काय आहे हे कुणी पाहत नाही. माती पांढरी आणि चिवट, म्हणून धाब्याच्या घराच्या छतावर टाकायला लोक ती वर्षानुवर्षं खणून नेत आले; काही ठिकाणी तर खत म्हणून रानात टाकत आले. जुनी वस्ती म्हणजे जुनी राख, जुनं शेण, जुनी हाडं. पीक जोमदार येणारच. म्हणजे पूर्वज आपल्याला पोसतात असं जे म्हणतात ते निदान आमच्याकडं शब्दशः खरं आहे.

आता ही तारा. आयर्लंडच्या मीथ परगण्यातली, डब्लिनच्या वायव्येला असलेली ही टेकडी. तिच्यावरच्या त्या ढिगाऱ्याचं नाव ऐकून बँकेतला कुठलाही माणूस उठून उभा राहील : 'ओलिसांचा ढिगारा'! आयर्लंडचा मोठा राजा छोट्या राजांकडून त्यांची पोरं ओलीस ठेवून घ्यायचा. छोट्या राजानं गडबड केली की पोरगं गेलं. म्हणजेच तारण. एका दंतकथेतल्या राजाचं तर नावच 'नऊ ओलिसांचा नील' असं आहे. आमच्या भाषेत, पुरेसं तारण घेतलेला सावध शाखाधिकारी. पण ढिगारा मुळात ओलिसांचा नाही. तो राजेलोक येण्याच्या तीन हजार वर्षं आधी कुणा शेतकऱ्यांनी रचला आणि त्यात दोनशेहून अधिक माणसांच्या चितेची राख आणि हाडं ठेवली. त्याची आतली वाट अशी साधली आहे, की नोव्हेंबरच्या आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला उगवता सूर्य थेट आत शिरतो. आयर्लंडचे जुने लोक मानत, की नोव्हेंबरच्या त्या तिथीला मेलेल्यांचं आणि जिवंतांचं दार उघडं असतं. आमच्याकडंही नोव्हेंबरात पेन्शनर मंडळी 'आम्ही जिवंत आहोत' असा दाखला द्यायला बँकेत येतात. त्या महिन्यात जिवंत-मयताचा घोळ होतो हे जगन्मान्य दिसतं.

मला प्रश्न पडला तो वेगळाच. राजाला गादीवर बसायला अख्खं बेट मोकळं होतं. तो या थडग्यांच्या टेकडीवरच का येऊन बसला? उत्तर कुठलाही कर्जदार सांगेल. त्याला जामीनदार हवा होता. 'मी इथला,' असं म्हणायला साक्षीदार लागतो आणि मेलेल्या साक्षीदारासारखा साक्षीदार नाही. तो फिरत नाही, उलटतपासणीत गडबडत नाही आणि कर्ज थकलं तरी त्याच्या पगारातून कापता येत नाही. ज्यांची नावंसुद्धा राजाला ठाऊक नव्हती त्या शेतकऱ्यांच्या राखेवर तो उभा राहिला आणि म्हणाला, "हे आमचे पूर्वज." राखेनं हरकत घेतली नाही.

त्या टेकडीवर एक उभा दगडही आहे. खरा राजा त्यावर उभा राहिला की दगड गर्जना करायचा अशी कथा आहे. १७९८ साली इंग्रज राजाविरुद्ध बंड झालं, तेव्हा त्या टेकडीवर लढाई होऊन पुष्कळ बंडखोर मेले. पुढं लोकांनी काय केलं? राजांसाठी गर्जणारा तो दगड उचलला आणि राजाविरुद्ध मेलेल्यांच्या जागेवर खूण म्हणून रोवला. दगडानं तेव्हा गर्जना केली की नाही याची नोंद नाही. पण माझ्या मते ती वेळ होती.

त्यानंतर मेलेल्यांना वापरून घेणाऱ्यांची रांगच लागली. १८४३ साली डॅनियल ओकॉनेल या पुढाऱ्यानं तिथं लाखोंची सभा भरवली. दिवस होता १५ ऑगस्ट, हे आपल्याला उगाचच बरं वाटतं. १८९९ ते १९०२ या काळात काही इंग्रज मंडळी तिथं कुदळी घेऊन आली. बायबलातली देवाची पवित्र पेटी याच टेकडीत पुरली आहे अशी त्यांची खात्री होती. आपल्याकडं गुप्तधनासाठी अमावास्येला लिंबू कापून खणणारे लोक असतात. ते लपूनछपून खणतात आणि सापडले तर पोलीस ठाण्यात जातात. या मंडळींनी दिवसाढवळ्या खणलं. शेवटी कवी येट्स, डग्लस हाइड वगैरेंनी वर्तमानपत्रात पत्र लिहून आरडाओरडा केला. पेटी अर्थातच मिळाली नाही. पुढं १९५२ ते १९५९ या काळात शास्त्रज्ञांनी ढिगाऱ्याचं रीतसर उत्खनन केलं आणि त्याचा सविस्तर अहवाल ग्रंथरूपानं २००५ साली प्रसिद्ध झाला. हे वाचून माझ्या मनात आयर्लंडविषयी एकदम आपुलकी निर्माण झाली. आणि २०१० साली त्या टेकडीजवळच्या दरीतून मोटाररस्ता सुरू झाला. विरोध झाला, मोर्चे निघाले. पण ज्यांना रोज डब्लिनला कामावर जायचं होतं, त्यांनी पाच हजार वर्षांपेक्षा सकाळचा अर्धा तास मोठा मानला. मी अप-डाऊन करणारा माणूस. खरं सांगतो, मला त्यांचीही बाजू समजते.

तुम्ही म्हणाल, परदेशातल्या थडग्यांचं कौतुक पुरे. तर आपल्याकडंही आहेत. नागपुरात एका ट्रेनिंगला गेलो असताना रविवारी काटोल रस्त्यावरच्या जुनापाणीला जाऊन आलो. मोठमोठ्या दगडांची तीनशेच्या आसपास वर्तुळं, दोन-तीन हजार वर्षांपूर्वीची. वर्तुळाच्या आत माणूस, त्याच्यासोबत लोखंडाची हत्यारं. काही दगडांवर वाटीएवढे खळगे ओळीनं कोरलेले. रिव्हेट-कार्नाक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १८७९ साली त्यांच्यावर लिहिलं. हा गृहस्थ मध्य प्रांतात कापसाचा आयुक्त होता. कापूस मोजता मोजता त्याला ही वर्तुळं दिसली आणि युरोपातल्या थडग्यांवरचे असेच खळगे आठवले. कारकुनी करणाऱ्यानं कारकुनीबाहेरचं काही पाहू नये असं म्हणणाऱ्या आमच्या साहेबांना हे उदाहरण सांगायचं माझ्या मनात आहे. जवळच्याच माहुरझरीला तर माणसासोबत घोडाही निघाला, तोंडावर तांब्याच्या दागिन्यांसकट. मालक गेला म्हणून घोड्यालाही जावं लागलं. जामीनदाराचे हाल तेव्हापासून आहेत.

आणि इनामगाव. पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं १९६८पासून बरीच वर्षं तिथं उत्खनन केलं. तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे हे शेतकरी मेलेल्यांना घरातच जमिनीखाली पुरत. लहान मूल गेलं तर दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवायचे आणि मूल त्यांत. जणू पुन्हा पोटात. मोठं माणूस गेलं तर मात्र पुरताना त्याची पावलं घोट्याखाली तोडायची. का, तर त्यानं उठून चालू लागू नये म्हणून, असं अभ्यासक म्हणतात. पण एका पाच खोल्यांच्या मोठ्या घरात चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवलेला एक चाळिशीचा पुरुष सापडला, त्याची पावलं शाबूत होती. तो गावचा प्रमुख असावा. साहेबलोकांना नियम लागू नसतात हे किती जुनं आहे पाहा.

हे वाचल्यावर मी बराच वेळ गप्प होतो. मुलाला रांजणात निजवणारे हात आणि बापाची पावलं तोडणारे हात एकाच घरातले. मेलेल्यांशी आपलं जे काही नातं आहे, त्याच्या या दोन बाजू. नावे आणि जमा. अर्धी माया, अर्धी भीती. पण मायेनं द्या नाही तर भीतीनं द्या, ते ओळखीच्या माणसाला दिलेलं असतं. माझा प्रश्न तिथं सुटत नव्हता. ज्याला ओळखतच नाही, ज्याची मुदत संपली, ज्याचं भूतसुद्धा एव्हाना म्हातारं होऊन गेलं असेल, त्याचं काय?

या प्रश्नाचं उत्तर मला कुठल्या ग्रंथात मिळालं नाही. ते शाखेत, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, कर्जाच्या कामासाठी आलेल्या एका बापलेकाच्या भांडणात मिळालं. वसमतकडं हळद चांगली होते. ही हळद उकडायची, मग पंधरा-पंधरा दिवस वाळवायची. मुलाला वाळवणीसाठी सिमेंटचं खळं करायचं होतं. जागा नेमकी धुऱ्याजवळची सपाट. आणि तिथंच खापरपणजोबा म्हणावा अशा कुणा आज्याचा चबुतरा.

मुलगा म्हणाला, "साहेब, तुम्हीच सांगा. आज्याला वर्षातून एकदा निवद दावतेत. मला हळद पंधरा दिवस वाळवायचीय. पंधरा ज्यास्त का एक?"

गणित बिनतोड होतं. मी म्हाताऱ्याकडं पाहिलं. तो म्हणाला, "साहेब, त्यो तिथं हाये म्हणून शेजाऱ्यानं धुरा कोरला न्हाई. मोजणीवाल्याला कुणी भेत न्हाई, पर आज्याला भेतेत."

म्हणजे तारा टेकडीवरच्या राजानं जे केलं तेच. मेलेला माणूस, हद्दीचा साक्षीदार. मुलगा उसळून म्हणाला, "म्हंजी त्याला मरून इतकी वर्सं झाली तरी राखणीलाच बसविलाव की! त्यापरीस उचलून देवळापाशी नीट बसवू. सुटंल तरी बिचारा."

मला मुलाचं बोलणं पटलं. आपण ज्याला पूर्वजांचा मान म्हणतो त्यातला बराचसा भाग त्यांना फुकट कामाला लावण्याचा असतो. कुणाला धुरा राखायला, कुणाला मतं मिळवायला, कुणाला दुसऱ्याच्या पूर्वजाला हुसकावायला. त्यांना रजा नाही.

म्हातारा थोडा वेळ सुपारी कातरत बसला. मग म्हणाला, "ते बी खरंय. पर आज्याच्या चबुतऱ्याखाली आजून एक दगड हाये. त्यो कुणाचा ते माज्या बापालाबी ठावं नव्हतं. आज्यालाबी ठावं नव्हतं. त्या दगडाला बी आमी चिमूटभर निवद ठिवतोत."

"तो कशासाठी?" मी विचारलं. "तो काही धुरा राखत नाही."

"न्हाई राखत," म्हातारा म्हणाला. "पर आमी यायच्या आधी हितं कुणी तरी राबलंच आसंल की, साहेब. येवढं रान का आपोआप मोकळं झालं?"

मुलाला ते पटलं असं मी म्हणणार नाही. तो पंख्याकडं बघत बसला. शेवटी खळ्याच्या नकाशात एक कोपरा कापला गेला आणि अंदाजपत्रकात तेवढं सिमेंट कमी झालं; कारण सातबारा बापाच्या नावावर होता आणि सही त्याची लागत होती. तत्त्वज्ञानातल्या बऱ्याच प्रश्नांचा निकाल सातबारा कुणाच्या नावावर आहे त्यावर लागतो. उद्या फेरफार होऊन तो मुलाच्या नावावर लागेल, तेव्हा त्या खालच्या दगडाचं काय होईल हे मी सांगू शकत नाही. तो मुलगा वाईट नाही. त्याला हप्ते फेडायचे आहेत.

पण म्हाताऱ्याचं वाक्य मी अजून खतावणीत कुठं टाकावं या विवंचनेत आहे. आज्याला नैवेद्य, ही एंट्री मला समजते : नैवेद्य नावे, धुऱ्याची राखण जमा. ताळेबंद जुळतो. खालच्या दगडाला चिमूटभर भात, ही एंट्री मात्र एकतर्फी आहे. समोरून काही येत नाही, येणारही नाही. कॉमर्सच्या नियमानं एकतर्फी एंट्री असूच शकत नाही. मग दुसरी बाजू कुठं आहे? पुष्कळ शोधल्यावर माझ्या लक्षात आलं, की ती मागल्या वहीत आहे. आपण जन्मतो तेव्हा आपलं खातं शून्यावर उघडत नाही. त्याला ओपनिंग बॅलन्स असतो. मोकळं केलेलं रान, निवडून ठेवलेलं बी, पाण्याची जागा, आई ज्या शब्दांनी रागावते ते शब्द, हळद उकडून वाळवली की टिकते हे ज्ञान, सगळं कुणी तरी आधीच जमा करून गेलेलं. भरणा करणाऱ्याचं नाव पावतीवर नाही. नाव नसलं म्हणून रक्कम खोटी होत नाही. चिमूटभर भात म्हणजे कर्जफेड नव्हे. ती नुसती पोच आहे : रक्कम मिळाली.

म्हणून माझं आपलं एक कच्चं मत झालं आहे. नावाची मुदत तीन पिढ्या, ही शास्त्रकारांनी बेताची ठेवली आहे. त्यापलीकडं लक्षात ठेवायला मेंदू पुरत नाही. पण जागेची पोच मुदतबाह्य होत नाही. रस्ता जरूर करावा, खळं जरूर घालावं. जिवंत माणसांना जागा लागतेच. फक्त एखादा कोपरा कापता येतो का, एवढं कुदळ मारण्याआधी विचारावं. विचारण्यातच निम्मं देणं फिटतं.

आता या मताला एक मोठी पुरवणी जोडणं भाग आहे आणि तीसाठी आमच्या जिल्ह्याबाहेर जायचीही गरज नाही. नर्सी हे नामदेवांचं जन्मगाव हिंगोली जिल्ह्यातच आहे. राजेलोक मेल्यावर टेकडी मागतात. नामदेवांनी पायरी मागितली. पंढरपूरच्या महाद्वारातली, येणाऱ्या-जाणाऱ्या संतांचे पाय लागतील अशी. परंपरा सांगते, की १३५० साली ते तिथंच समाधिस्थ झाले. आजही लोक ती पायरी ओलांडून जातात. वर बसून मान घेण्याऐवजी खाली राहून पाय लावून घ्यायचे, हा बँकिंगमध्येच काय, कुठल्याच धंद्यात न बसणारा व्यवहार आहे.

त्या पायरीच्या समोरच चोखोबांची समाधी आहे. १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाचं बांधकाम करताना कूस कोसळलं आणि इतर मजुरांसोबत चोखोबा त्याखाली गाडले गेले. त्यांच्या अस्थी आणायला नामदेव गेले. ढिगाऱ्यात इतकी हाडं, त्यातली चोखोबांची कोणती? कथा अशी, की नामदेवांनी एकेक हाड कानाला लावलं आणि ज्यातून विठ्ठलनाम ऐकू आलं ते चोखोबांचं म्हणून घेतलं. तारा टेकडीवरचा दगड राजासाठी गर्जत होता. इथं एका मजुराची हाडं आपली ओळख आपणच देत होती. मला दोन्ही कथांतली ही दुसरी केव्हाही जास्त खरी वाटते.

पण समाधी पाहा कुठं आहे. देवळाबाहेर. जिवंतपणी चोखोबांना आत येऊ दिलं नाही आणि मेल्यावरही आत घेतलं नाही. त्यांच्या समाधीला नमस्कार करून लोक शतकानुशतकं आत जात राहिले आणि त्यांच्या जातीची जिवंत माणसं शतकानुशतकं बाहेर उभी राहिली. ते दार उघडायला १९४७ साली साने गुरुजींना उपोषण करावं लागलं. म्हणजे सहाशे वर्षं मेलेल्या चोखोबांचा हप्ता आपण नियमित भरत होतो आणि जिवंत चोखोबांचं खातं उघडूच देत नव्हतो. मेलेल्यांना मान देणं स्वस्त पडतं, ही त्यातली मेख आहे. त्यांना फुलं पुरतात. जिवंत माणसाला जागा लागते, पाणी लागतं, आत यायला दार लागतं. म्हणून ज्याला देणी चुकवायची आहेत त्यानं क्रम लावताना जिवंतांना वर घ्यावं. मेलेल्यांच्या देण्यावर व्याज चढत नाही. जिवंतांच्या देण्यावर चढतं, आणि ते चक्रवाढ असतं.

पाच हजार वर्षांनी आपल्या या पिढीचंही टेकाड होणार आहे. त्यात प्लास्टिक निघेल, मोबाइल निघतील, आणि आमच्या शाखेच्या जागी एखादं रबरी शिक्का मारलेलं भांडं निघेल. खणणारे लोक अंदाज बांधतील, की हा इथला पुरोहित असावा आणि लोक याच्यापुढं रांग लावून काहीतरी मागत असावेत. ते काही फार चुकणार नाहीत. माझं नाव अर्थातच त्यांना कळणार नाही आणि माझा त्याला विरोध नाही. त्यांच्यापैकी एखाद्यानं कुदळ टेकवण्याआधी क्षणभर थांबून "कुणी तरी राबलंच असेल की इथं" एवढं म्हटलं, तर माझी पोच मला मिळाली असं मी समजेन.

तोवर नोव्हेंबर येईल. पेन्शनर मंडळी काठ्या टेकत, हयातीचा दाखला हातात धरून रांगेत उभी राहतील. यंदा काउंटरच्या अलीकडं चार खुर्च्या टाकाव्यात असं मी साहेबांना सुचवलं आहे. "बजेट पाहावं लागेल," असं ते म्हणाले. मी म्हटलं, "साहेब, बघा. पण लवकर बघा. ही माणसं अजून जिवंत आहेत."